उजव्या बटणाची तक्रार

तिरोडा
२ नोव्हेंबर २०२५

चि. रुचि हिस,

अनेक आशीर्वाद आणि एक तक्रार. आशीर्वाद नेहमीचेच आहेत, तेव्हा आधी तक्रार वाच.

काल सायंकाळी, मंडईच्या जत्रेला गेलेली मंडळी घरी परतायच्या आत, माझ्या संगणकाच्या पडद्यावरून एक पट्टी परागंदा झाली. वर्ण राखाडी, बांधा सडपातळ, अंगावर बाण, चौकोन, कात्री आणि 'अ' अशी चित्रं गोंदलेली. शेवटची दिसली तेव्हा पडद्याच्या माथ्यावर स्वस्थ पहुडली होती. मी तिला अपशब्द काढला नव्हता. बाणावर टिचकी मारायला गेलो तर ती माऊसला बिलगून खाली आली, पानाच्या मधोमध क्षणभर तरंगली, आणि मी तिला परत वर ढकलायला जातो तो अंतर्धान पावली. तिच्याशिवाय मला चौकट काढता येत नाही, अक्षर लहानमोठं करता येत नाही, फक्त पानाकडे बघत बसता येतं. प्रस्तुत प्रकरणी मी न्याय मागत आहे.

तुझ्याकडेच मागतो, कारण तू पुण्यात छपाईसाठी संगणकावर पुस्तकांची पानं लावतेस आणि उन्हाळ्यात हे सॉफ्टवेअर माझ्या संगणकात तूच घालून गेलीस. त्या पट्टीला तुम्ही टूलबार म्हणता. मी तिला उपकरणपट्टिका म्हणून हाक मारून पाहिली. शाळेत माझी नवव्या वर्गातली मुलं हाकेला निदान मान तरी वर करतात.

हसू नकोस, प्रकरण गंभीर आहे. पोवारी बोलीचे शब्द मी वीस वर्षं जमवतो आहे हे तुला ठाऊक आहे. येत्या वसंत पंचमीला, आपल्या समाजाच्या भोज जयंतीच्या मेळाव्यात, त्यांचं पुस्तक निघायचं ठरलं. समितीचे अध्यक्ष भैयालालजी रहांगडाले यांनी अट घातली आहे की जानेवारीच्या मध्यापर्यंत लावलेली पानं छापखान्यात गेली पाहिजेत, नाहीतर तो कागद वधू-वर परिचयाला वापरला जाईल. लग्नं काय, शब्दकोश निघाला नाही तरी होतच राहतील. पण समितीला हे पटवणं कठीण आहे.

बाहेर काम द्यायचं म्हणशील तर देऊन पाहिलं. गोंदियातल्या एका दुकानातून नमुन्याची चार पानं लावून आणली. निम्म्या शब्दांचं त्यांनी हिंदी करून टाकलं होतं, आणि वर म्हणतात, "सर, आपका बहुत गलत था, ठीक कर दिया." म्हणून आता स्वहस्ते.

फोन करू नकोस. फोनवर ऐकलेलं माझ्या डोक्यात राहत नाही, लिहिलेलं राहतं. मीही हे पत्र त्याच सॉफ्टवेअरात, आधीच काढून ठेवलेल्या चौकटीत लावून, पीडीएफ करून मेलनं पाठवतो आहे. तेवढाच सराव.

तुझा मामा,
भोजराज पटले


पुणे
६ नोव्हेंबर २०२५

मामाजी, नमस्कार.

बेपत्ता पट्टीचं वर्णन वाचून मी ऑफिसात एकटीच हसत बसले. शेजारच्या बाईंना वाचून दाखवलं तर त्या म्हणाल्या, "तुमच्याकडे मामा लोक असं लिहितात?" मी म्हटलं, आमच्याकडे एकच लिहितो, बाकीचे नुसते फोनवर ओरडतात.

पट्टी कुठे पळाली नाही. टूलबारच्या डाव्या टोकाला ठिपक्यांची एक उभी रेघ असते. माऊसचं बटण दाबलेलं असताना हात जरा हलला आणि ती रेघ पकडीत आली, की अख्खी पट्टी उपटून निघते. आता असं करा. वर जिथे दुसऱ्या पट्ट्या आहेत तिथल्या रिकाम्या जागेवर माऊस न्या आणि उजवं बटण दाबा. एक यादी उघडेल. त्यात सगळ्या पट्ट्यांची नावं असतात. जिच्यापुढे बरोबरची खूण नसेल ती तुमची. तिच्यावर टिचकी मारली की हजर.

हे उजवं बटण लक्षात ठेवा, याच्यावरच आमचं पोट चालतं. ज्या वस्तूवर दाबाल, त्या वस्तूपुरती यादी उघडते. मजकुराच्या चौकटीवर दाबलं तर चौकटीचं काय काय करता येईल ते सांगते. त्यात 'लॉक' असं असतं. चौकट जागेवर बसली की लॉक करून टाका, मग ती सरकत नाही.

तुमचं टाइप केलेलं पत्र पाहून जरा वाईट वाटलं, खरं सांगते. तुमचं अक्षर बघायची सवय झाली आहे. पण सराव होतोय तर असू दे.

एक विचारू? आईशी काही झालं का तुमचं? बिरसीला फोन केला आणि तुमचं नाव काढलं की ती लगेच तिथल्या विमानतळावरच्या शिकाऊ विमानांवर घसरते. "आज सकाळपासून डोक्यावर घिरट्या घालून राहिले ते पायलटचे पोट्टे," एवढंच. मामाबद्दल चकार शब्द नाही. दिवाळीपर्यंत तर सगळं ठीक होतं.

रुचि


तिरोडा
१५ नोव्हेंबर २०२५

चि. रुचि,

तुझं सूत्र मी पाठ केलं आणि नंतर प्रयोगाला बसलो. प्रयोगाचा निष्कर्ष असा की पुण्यात उजवं-डावं वेगळं असतं.

रिकाम्या जागेवर उजवं बटण दाबलं. काही नाही. चौकटीवर दाबलं. चौकट निवडली गेली, यादीचा पत्ता नाही. मग रागानं डावं दाबलं, तर ती तुझी यादी फणा काढून उभी! म्हणजे तू जे उजव्याबद्दल लिहिलंस ते सगळं माझ्या घरी डावं बटण करतं आणि डाव्याचं काम उजवं. तुझ्यावर विश्वास ठेवून पहिले दोन दिवस मी उजवंच दाबत राहिलो. आता मनात भाषांतर करून वाचतो. आयुष्यभर तेच केलं आहे.

यादी मात्र मला आवडली. तिचं नाव मी प्रसंगसूची ठेवलं आहे. आपले भैयालालजी तसेच, ज्याच्या ओसरीवर बसतील त्याच्याच घरचं बोलतील. पट्टी परत मिळाली. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली, पुन्हा आणली. आता मी तिला येती-जाती समजतो.

लॉकचं म्हणशील तर तो उपाय अर्धाच आहे. लॉक केलेली चौकट जागची हलत नाही, हे खरं. पण दुरुस्तीसाठी कुलूप काढावंच लागतं, आणि काढलं की ती टिचकीसरशी घसरते. काल 'धुरा' हा शब्द आपल्या बांधीतून, म्हणजे 'ध'च्या पानावरून, उठून 'न'च्या पानावर जाऊन बसला. शेताचा बांधच दुसऱ्याच्या शेतात गेला तर तलाठ्याकडे तरी जाता येतं. इथे कोणाकडे जावं?

भैयालालजी येऊन गेले. खुर्ची ओढून माझ्या मागे बसले. मला कोणी मागे बसलेलं चालत नाही, पण अध्यक्षांना काय म्हणणार.

"काऊन जी मास्तर, किताब होऊन राहिली का नाही?"

"होऊन राहिली."

"मले तं एकच पान दिसून राहिलं मघापासून."

"संपादन चालू आहे."

"तो गोंदियाचा कम्प्युटरवाला आठ दिवसात करून देते म्हणते. तुमी कायले एवढा जीव काढता? शब्द तुमचेच राहतीन ना."

मी म्हटलं, शब्द माझे नाहीत, आपल्या आज्यांचे आहेत, आणि ते जसेच्या तसे राहिले पाहिजेत. ते म्हणाले, "बरं बरं, पन जानेवारी मंजे जानेवारी." चहा पिऊन गेले.

धान घरात आलं की बिरसीला येईन म्हणावं गिरजाताईला.

भोजराज


पुणे
१९ नोव्हेंबर २०२५

मामाजी,

पुण्यात उजवं तेच उजवं आहे. तुमच्या माऊसची बटणं कुणीतरी अदलाबदल करून ठेवली आहेत. संगणकाच्या सेटिंगमध्ये तशी सोय असते. डावखुरी माणसं माऊस डाव्या हातात धरतात, मग त्यांना पहिल्या बोटाखाली मुख्य बटण हवं असतं, म्हणून उजव्याचं डावं करून घेतात. दुसऱ्या कशासाठी ते सेटिंग कोणी वापरत नाही. घरात डावखुरं कोण आहे? मामीजी तर संगणकाला हात लावत नाहीत. कोणी पाहुणा बसला होता का? सेटिंगमध्ये 'माऊस' उघडा, 'मुख्य बटण' असं लिहिलेलं दिसेल, तिथे 'डावं' निवडा. सगळं माझ्या पत्रांप्रमाणे चालायला लागेल.

चौकटी सरकतात त्याचं कारण मात्र दुसरं आहे. बटण दाबून सोडेपर्यंत माऊस स्थिर राहिला पाहिजे, तो तुमच्याकडून हलतोय. मनगट टेबलावर टेकवून बघा.

आता आईचं. तुम्ही त्या प्रश्नाला बगल दिलीत, पण काल तिनं स्वतःहून सांगितलं. जसं बोलली तसं लिहिते:

"भाऊबीजेले म्या ओवाळलं, आन् सख्ख्या भावानं डाव्या हातानं साडी ठेवली माह्या ताटात. डाव्या हातानं! उजवा खिशात घालून. शेजारच्या बाया पाहून राहिल्या होत्या. म्या वाट पाहिली, आता काही बोलंन, मंग बोलंन. चूप. जेवाले बी थांबला नाही. कायले शिकला होता एवढं संस्कृत?"

साडी तिनं नेसलेली नाही, पेटीत घडी करून ठेवली आहे. मी म्हटलं, मामाचं लक्ष नसेल. ती म्हणाली, "त्याचं लक्ष नसते असं कधी होते का? पूजेत कोणाचं बोट चुकलं तं तोच टोकते."

मामाजी, यात तिचं चुकलं असं मला म्हणता आलं नाही. एक फोन करा तिला.

रुचि


तिरोडा
३ डिसेंबर २०२५

चि. रुचि,

उत्तराला उशीर झाला. धानाची मळणी, चाचणीचे पेपर आणि हा संगणक, तिघांनी मिळून मला वाटून घेतलं आहे.

बटणांचं कोडं सुटलं. आमच्या शाळेतले संगणकाचे दुर्गेश सर ऑक्टोबरात येऊन काहीतरी करून गेले होते, त्यांचंच हे काम. मला न सांगता केलं. आहे तसंच राहू दे म्हटलं. अर्जुन दोन्ही हातांनी बाण मारायचा, म्हणून त्याला सव्यसाची म्हणत. पन्नाशीनंतर तोच प्रयत्न मी करतो आहे असं समज. त्याला गांडीव होतं, मला चायनीज माऊस आहे.

पानं 'प'पर्यंत आली. ताईकडे तुझी मामी जाऊन येईल म्हणते, दुसरी साडी घेऊन.

मनगट टेकवून पाहिलं. फरक नाही.

भोजराज


पुणे
१४ डिसेंबर २०२५

मामाजी,

आधी काम.

चौकट सरकवायला माऊस वापरू नका. चौकट निवडा आणि कीबोर्डवरच्या बाणाच्या कळा दाबा, ती एकेक पाऊल चालते, घसरत नाही. त्याहून बरं म्हणजे 'प्रॉपर्टीज'ची खिडकी उघडी ठेवा. तिथे चौकट डावीकडून किती आणि वरून किती अंतरावर आहे ते आकडे असतात. हवे ते आकडे टाइप करून एंटर दाबा, चौकट बरोबर तिथे जाऊन बसेल. आम्ही मोठी पुस्तकं अशीच लावतो, हातानं ढकलत कोणी बसत नाही.

प्रसंगसूचीही माऊसशिवाय उघडते. कीबोर्डवर उजवीकडच्या कंट्रोलजवळ एक कळ असते, तिच्यावर लहानशी यादी काढलेली असते. चौकट निवडून ती दाबा. ती कळ नसेल तर शिफ्ट धरून एफ-दहा. यादी उघडली की बाणानं खाली जायचं, एंटर. उजवं नको, डावं नको. टूलबार तर सगळ्या बंदच करून टाका, प्रत्येक कामाला कळा आहेत. तक्ता सोबत पाठवते आहे, तुमच्यासाठी अक्षर मोठं ठेवलं आहे.

आता दुसरं. रविवारी मी माऊस डाव्या हातात धरून, बटणं उलटी करून कामाला बसले. एक पान लागेना. मान आखडली. मामाजी, हौसेनं असं कोणी करत नाही. दुर्गेश सर घरी येऊन उगाच माऊस डावीकडे ठेवून जाणार नाहीत, कोणीतरी त्यांना तसं सांगितलं असणार. साडी डाव्या हातानं. उजवा खिशात. पत्र टाइप करून, आणि मी सरावाचं खरं मानलं. मी तुम्हाला मनगट टेकवा म्हणून लिहिलं, त्याचं मला अजून लागून राहिलं आहे.

उजव्या हाताला काय झालं?

आईला मी काही बोललेले नाही. ते तुम्ही सांगायचं आहे. पण मामीजींच्या हाती दुसरी साडी पाठवू नका, तिला आणखी राग येईल.

आणि हे विनोदात उडवून लावलंत तर मी पुढच्या गाडीनं येईन. महाराष्ट्र एक्स्प्रेसला जागा नसली तर उभ्यानं येईन.

रुचि


तिरोडा
११ जानेवारी २०२६

चि. रुचि,

उभ्यानं यायची गरज नाही. सांगतो.

पावसाळ्यात सुरू झालं. वर्गात फळ्यावर संस्कृतची रूपं लिहीत होतो तर खडू टकटक वाजायला लागला. मुलांना वाटलं मी ताल धरला आहे, दोघातिघांनी बाकावर साथही दिली. मी हात खाली घेतला. मग सहीला वेळ लागायला लागला, अक्षर बारीक होत गेलं, आणि पाकिटावर मी लिहिलेला पत्ता पोस्टमननंच मला विचारला तेव्हा पेन ठेवून दिलं. हात कामात असला की कमी थरथरतो, नुसता ठेवला की जास्त. म्हणून खिशात. मुलं म्हणतात सर आजकाल स्टाईलमध्ये चालतात. दुर्गेश सरांना मी सांगितलं की खांदा दुखतो, माऊस डावीकडे करून द्या. बटणं त्यांनी आपल्या बुद्धीनं उलटवली. तेवढ्या चांगुलपणानं मी पकडला गेलो.

भाऊबीजेला ताईनं ओवाळलं तेव्हा उजव्या हातानं साडी उचलली होती. ताटाला हात लागला आणि ताटातलं निरांजन हलायला लागलं. शेजारणी बसलेल्या होत्या. मी डाव्यानं ठेवली. त्या वेळी तेच बरं वाटलं.

संक्रांतीची वाट न बघता गेल्या रविवारी बिरसीला जाऊन आलो. ताईनं दार उघडलं, पाणी दिलं आणि परत आत जाऊन भाजी निवडायला लागली. मी तिच्यासमोर पाटावर बसलो आणि उजवा हात खिशातून काढून गुडघ्यावर ठेवला. तिनं पाहिलं. भाजी बाजूला सारली.

"कवापासून होऊन राहिलं?"

"पावसाळ्यापासून."

"मंग तवाच काऊन नाही सांगितलं बावा? म्या तीन महिने तुह्या नावानं बोटं मोडून राहिली."

मग हात धरून बसली. विमान गेलं वरून, तिनं वर पाहिलंही नाही. जेवताना तीच साडी नेसून वाढलं. तुझ्या मामीलाही त्याच संध्याकाळी सांगितलं. तिला आधीच माहीत होतं. मी सांगतो कधी याची ती वाट बघत होती. या घरात लपवण्याचा अधिकार फक्त मलाच आहे असं मी समजत होतो.

पानं पूर्ण झाली. तुझ्या कळा वापरल्या. टूलबार सगळ्या बंद केल्या आहेत, पडदा आता शेणानं सारवलेल्या अंगणासारखा मोकळा दिसतो. 'प'पासून शेवटापर्यंतची पानं जेवढ्या दिवसांत झाली तेवढ्या दिवसांत आधी मी 'क' ओलांडत नव्हतो. शुक्रवारी भैयालालजी स्वतः येऊन पेनड्राइव्ह घेऊन गेले. तो उलटापालटा करून पाहत म्हणाले, "एवढ्याशा डब्बीत सगळे शब्द?" मी हो म्हटलं.

तू डॉक्टरांचं विचारणार. नागपूरला मेंदूच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे, वसंत पंचमीनंतरची. मामी सोबत येते आहे. मेळाव्याचं कारण सांगून मी ती आणखी पुढे ढकलणार होतो, पण ताईनं फोनवरून मामीला बजावलं, आता ते होणार नाही.

मला जे वाटतं ते लिहून टाकतो, नंतर लिहवणार नाही. बाबांना हेच झालं होतं. तू तेव्हा फार लहान होतीस. उदाराम पटलेंचा हात थरथरतो हे गावाला दिसत होतं, घरात मात्र त्याचं नाव कोणी काढलं नाही. हाताचं तितकं नव्हतं. आई घास भरवायची, ते खायचे, चाललं होतं. पण पुढे त्यांचा आवाज बसत गेला. एका दमात, हलकं, सगळे शब्द एकात एक. शेवटची दोन वर्षं ते दिवसभर काहीतरी सांगायचे आणि आम्ही हो हो म्हणायचो. त्यांना कळायचं की आम्हाला कळलेलं नाही.

हाताला तू कळ काढून दिलीस. उद्या कळाही चालेनाशा झाल्या तरी तू दुसरं काही शोधशील, याची मला खात्री आहे. हाताची भीती मला आता फारशी वाटत नाही.

मागच्या बुधवारी आठवीच्या वर्गात सुभाषित म्हणत होतो. मागच्या बाकावरची एक मुलगी उठून म्हणाली, "सर, ऐकू नाही येऊन राहिलं." मी पुन्हा म्हटलं. ती म्हणाली, "अजून नाही आलं सर."

मी माझ्या मते मोठ्यानं म्हणत होतो, रुचि. त्याची मला भीती वाटते.

तुझा मामा,
भोजराज